'फ्यूज' बँड आणि बिननात्याचा एक श्रोता

गिटारमधून कापसाचे भाव ऐकू यायला लागले, तेव्हाच मला वाटलं होतं की काहीतरी चुकतंय.

दुपारची वेळ. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला प्रभाकरच्या घरामागची टिनाची खोली. आधी त्यात म्हैस राहायची. म्हैस विकल्यावर तिथे बँड राहायला आला. प्रभाकरच्या आईच्या मते हा सौदा घाट्याचा झाला. तर प्रभाकरने जुन्या रेडिओचे पार्ट जोडून स्वतःच्या हाताने अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. त्याने डोळे मिटून पहिली तार छेडली आणि आतून एक गंभीर बाई बोलली, "हिंगणघाट. लांब धागा. आवक साधारण..."

मी किंचाळून स्टुलावरून खाली! प्रभाकरने डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाला, "शुभा, लिहून घे. आपली गिटार थेट मातीशी बोलते."

आणि मी लिहून घेतलं हो! पुढच्या अंकाचं पहिलं वाक्य तेच.

असे किस्से किती साठलेत म्हणून सांगू! फळीवरची एक वाटी काढायला जावं आणि अख्खी भांड्यांची मांड अंगावर यावी, तसं होतं. त्यात मी म्हणजे एक वाटी पडली तरी शेजारच्यांना जागं करणारी.

*

बँडचं नाव 'फ्यूज'. नाव आम्ही ठेवलं नाही, गल्लीने ठेवलं. आमचं आधीचं नाव 'ब्रह्मांड' होतं, पण प्रॅक्टिस सुरू झाली की गल्लीतून एकच ओरडा यायचा, "उडला रे फ्यूज!" शेवटी तेच घेतलं. लोकांच्या तोंडी आधीच बसलेलं नाव कोण सोडतं?

वाजवणारे दोघं. गिटारवर प्रभाकर, माझ्याच वर्गातला, क्लार्कचा मुलगा, आणि जगाने आपल्याला अजून ओळखलं नाही यावर ठाम विश्वास असलेला. दुसरा गजानन, समुद्रपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, वर्ध्यात खोली करून शिकणारा. तो तेलाची रिकामी पिंपं वाजवायचा, आणि मध्येच पिकावर औषध मारायचा फवारणीचा पंप. पाठीवर पंप, एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने पिंप. फुस्स, धम्म. फुस्स, धम्म. मला विचाराल तर बँडमधला खरा वाजवणारा तोच. प्रभाकरला हे सांगू नका.

आणि मी म्हणजे प्रेस! सायक्लोस्टाइल केलेली आठ पानं, नाव 'खरखर'. वर्धा जिल्ह्यातल्या अंडरग्राउंड प्रायोगिक रॉक संगीताला वाहिलेलं नियतकालिक. जिल्ह्यात असा बँड एकच होता, त्यामुळे माझं काम सोपं होतं असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. वर्षअखेरीला 'वर्षातला सर्वोत्कृष्ट बँड' निवडायची मी आठ दिवस काळजी केली. शेवटी 'फ्यूज'ला दुसरा क्रमांक दिला. पहिला कुणालाच नाही.

प्रभाकर पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. गजानन मात्र खूश. "दुसरा तं दुसरा! मी तं शाळेत कधीच दुसरा नाई आलतो."

*

पहिला अंक घरी नेला तेव्हा बाबांनी मुखपृष्ठावरचं 'अंडरग्राउंड' वाचलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. बाबा शाळामास्तर. आणीबाणी जाऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि त्यांच्या लेखी अंडरग्राउंड माणूस म्हणजे पोलीस ज्याला शोधतायत तो.

"कोण कोण आहे यात?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"मी, प्रभाकर आणि गजानन."

"लपता कुठे?"

"म्हशीच्या गोठ्यात."

बाबांनी दाराची कडी लावली. आईने सगळे अंक गव्हाच्या कोठीत तळाशी नेऊन पुरले. मी इतकी घाबरले की मीच संपादक असून मलाही वाटायला लागलं, आपण काहीतरी केलंय! पहिला अंक वाचकांपर्यंत पोचला तो कोठीतला गहू अर्ध्यावर आल्यावर. पानापानांतून गव्हातले सोंडे निघायचे. प्रभाकर म्हणाला, "असू दे. जिवंत साहित्य आहे."

*

हे संगीत आम्हाला कळलं कुठून? प्रभाकरचा एक मावसभाऊ पुण्याला होता. त्याने कुठल्याशा परदेशी बँडची कॅसेट पाठवली होती. कव्हर नाही, नाव नाही. आम्ही ती सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर लावली आणि तिघंही थिजलो. काय ते संगीत! सुरुवातच जड, आणि मग गाणं हळू हळू हळू होत जायचं. गाणारा माणूस विहिरीत उतरतोय असा आवाज खोल जायचा. शेवटी एक लांब कण्हणं, आणि शांतता.

"हे असं वाजवता आलं पाहिजे," प्रभाकर म्हणाला.

आम्ही सगळा पावसाळा तेच वाजवलं. वेग वाढवणं सोपं असतं हो, पण एकसारखा कमी करत नेणं! गजाननने ते साधलं. ठोक्यामागून ठोका असा लांबवायचा की ऐकणाऱ्याला जांभई यावी आणि ती अर्ध्यात अडकावी. मी 'काळ वितळतो तेव्हा' नावाचा दोन पानी लेख लिहिला. मला स्वतःला तो नीट कळला नाही, इतका चांगला झाला होता.

दिवाळीत मावसभाऊ आला. टेपरेकॉर्डर उघडून म्हणाला, "अरे, यातले सेल पार उतरलेत की!" त्याने नवे सेल घातले, कॅसेट लावली.

शिट्टी! टाळ्या! मागे पोरींचं ला ला ला! लग्नाच्या पंगतीत लावावं असं टुणटुणीत गाणं! मावसभाऊ मान डोलवत होता आणि आम्ही तिघं मयताला बसल्यासारखे बसलो होतो.

गजाननच्या तोंडून एवढंच निघालं, "हे कोनं बिघडवलं बे?"

मावसभाऊ गेल्यावर प्रभाकरने नवे सेल काढले आणि जुने परत घातले.

*

'खरखर' छापून व्हायचा एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. तिथल्या मशीनवर गावातलं सगळंच निघायचं. लग्नातल्या मंगलाष्टका, परीक्षेचे पेपर, नोटिसा. एकदा घाईत दोन स्टेन्सिलांची अदलाबदल झाली. माझं परीक्षणाचं पान गेलं जनावरांच्या लसीकरणाच्या नोटिशीत, आणि लसीकरणाचं पान आलं आमच्या अंकात.

हे मला कळलं तेव्हा अंक वाटून झाले होते. कोणत्या तोंडाने प्रभाकरसमोर जाऊ? तो स्वतःच सायकल दामटत घरी आला. मी दाराआड. म्हटलं, आता संपलं सगळं.

"शुभा!" तो धापा टाकत म्हणाला, "तू आजवर लिहिलेल्यात हे सर्वात भारी आहे! 'जनावरे उपाशी आणावीत. शिंगांना दोर असावा. मागच्या बाजूने जवळ जाऊ नये.' काय ओळी आहेत! आमच्या श्रोत्यांबद्दलच लिहिलंस ना?"

मी म्हटलं, हो.

तिकडे गावोगावी माझं परीक्षण पोचलं होतं. त्यात मी प्रभाकरच्या गाण्याबद्दल लिहिलं होतं: 'शेवटच्या दहा मिनिटांतला हंबरडा ऐकवत नाही. मात्र तो मध्येच थांबवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.' दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी बैल घेऊन थेट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांशी हजर. "हंबरड्याचं समजलं जी," तो म्हणाला, "पन लस कवा टोचता?"

*

मी बँडमध्ये कशी शिरले ते सांगायचं राहिलं. खरं तर मी शिरले नाही, सांडले.

प्रभाकरने 'शून्य' नावाची रचना केली होती. बराच वेळ पूर्ण शांतता आणि मग गजाननचा पिंपावर एकच दणका. आता दणका येणार हे मला माहीत असायचं. मी लिहूनही ठेवलेलं असायचं. तरी दणका आला की मी "आई गं!" करून किंचाळायचेच. कॅसेटवर रेकॉर्ड करायला बसलो, तर सगळ्या टेकमध्ये मी! मला बाहेर अंगणात बसवलं, तर अंगणातून. शेवटी प्रभाकर म्हणाला, "राहू दे. रचनेला तिची गरज आहे."

अशी मी 'फ्यूज'ची गायिका झाले. आईला सांगितलं, भजनाचा ग्रुप आहे.

पण पुढे पंचाईत अशी झाली की मला सवय झाली! दणका आला, मी नुसती बघत बसले. प्रभाकरचा चेहरा असा पडला की बास. गजाननने तोडगा काढला. "शुभाताई, तुमी फिकर नका करू. दनका कवा द्याचा थे मी तुमाले सांगनारच नाई." तेव्हापासून तो कधी सुरुवातीलाच द्यायचा, कधी रचना संपून चहा आल्यावर. मी कित्येक कप फोडले. कला म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

*

आता काकाजींबद्दल. काकाजी म्हणजे गजाननचे वडील. उंच, पांढरं धोतर, आणि बोलले की समोरच्याने आपोआप उभं राहावं असा आवाज. एक दिवस तुरीच्या डाळीचं गाठोडं घेऊन ते लेकाला भेटायला आले आणि विचारत विचारत थेट गोठ्यात. गजाननच्या पाठीवर पंप. काकाजी दारातच थांबले.

"माहा पंप!"

गजानन पंप लपवायला गर्रकन वळला, तर पंपच काकाजींसमोर आला.

"आख्ख्या गावात पुसून आलो मी या पंपासाठी! तिकडं कपाशीवर अळ्या नाचून राह्यल्या, अन् पंप इथं गाऊन राह्यला?"

मला वाटलं, आता गजाननला मार बसणार. पण काकाजी खाली पोत्यावर बसले, म्हणाले, "वाजवा. पाहू तं द्या काय हाये." आम्ही वाजवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गजाननला म्हणाले, "मले समजलं नाई. पन मले इंजिनबी समजत नाई, तरी पानी येते. तुह्ये दोस्त तं चांगलंच म्हनतीन. नातेवाईक तोंडावर चांगलं म्हनतीन अन् मांगून हासतीन. ज्याचं आपलं कायीच नातं नाई, असा एक मानूस सोताहून म्हनला पाह्यजे का पुन्हा वाजवा. तान्ह्या पोळ्यापर्यंत असा एक दाखव. मी तुले अडवनार नाई. नाई भेटला, तं पंप घरी अन् तूबी घरी."

"एकच?" प्रभाकर खुशीत म्हणाला. "काकाजी, एक तर आम्ही उद्याच दाखवतो!"

गजाननने नुसतं डोकं खाजवलं. त्याला आपलं गाव माहीत होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. गजानन गेला की 'फ्यूज' गेला, आणि 'फ्यूज' गेला की 'खरखर'मध्ये मी लिहिणार कशावर? पण खरं सांगायचं तर मला अंकाची नाही, गजाननची धास्ती होती. घरी परत जायचं म्हटल्यावर तो पिंपावर नुसता हात ठेवून बसला होता, वाजवत नव्हता.

*

आणि माणूस खरंच उद्याच मिळाला! विजेचं मीटर वाचायला आलेला एक जण गोठ्याच्या खिडकीशी थांबला, पूर्ण रचना ऐकली आणि म्हणाला, "पुन्हा वाजवा बरं एकदा." मी आनंदाने ओरडले, तर त्याला वाटलं शॉक बसला.

आम्ही त्याला हातापाया पडून पुढच्या आठवड्यात काकाजींसमोर आणलं. काकाजींनी आधी पाणी दिलं. आमच्याकडे असंच असतं. पाणी, मग गाव, मग मामाचं गाव.

"कोन्या गावचे?"

"सेलूचा जी."

"मामाचं गाव?"

"मांडगाव."

"मांडगावचे कोन? मारुतीच्या देवळाजवळचे?"

"नाई जी, विहिरीजवळचे."

"विहिरीजवळचे!" काकाजी उठलेच. "अरे मंग तू माह्या साळ्याच्या साडूचा भाचा होय!" दोघं गळ्यात पडले. चहा झाला, चिवडा झाला, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं तेही झालं. आम्ही भिंतीला टेकून उभे. निघताना काकाजी आमच्याकडे वळून म्हणाले, "हा नाई चालनार. हा तं घरचाच निंगाला."

त्यानंतर आम्ही जो जो माणूस आणला, तो पाण्याचा पेला संपायच्या आत काकाजींचा कोणीतरी झाला. प्रभाकर चिडून म्हणाला, "तुझ्या बापाला नातेवाईक नाहीत, जिल्हा आहे!"

*

मग नालवाडीच्या एक बाई स्वतःहून आल्या. त्यांच्याकडे आम्ही एकदा अंगणात वाजवलं होतं. म्हणाल्या, "पुन्हा कधी वाजवता? उद्याच या. रोज आलात तरी चालेल!"

मी दोनदा विचारून घेतलं. नातं? नाही. बाई मुळच्या दुसऱ्याच राज्यातल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. मामाचं गावसुद्धा राज्याबाहेरचं! आम्ही काकाजींना नालवाडीला घेऊन गेलो. प्रभाकरने पहिली तार छेडली, गजाननने फुस्स केलं, मी किंचाळले. त्याबरोबर पेरूच्या झाडावरून वानरांची अख्खी टोळी उड्या मारत कौलांवरून पसार!

"बघा!" बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "फटाक्यांनासुद्धा भीत नव्हती मेली!"

काकाजींनी आमच्याकडे पाहिलं. "गानं मांगतलं का वानरं हाकलाले मांगतलं?"

बाईंनी टोपलीभर पेरू दिले. गजाननने एकही खाल्ला नाही.

*

आणि मग तान्हा पोळा आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल सजवून निघतात, तो. समुद्रपूरला रस्त्याच्या कडेच्या मैदानात पोरं बैल घेऊन जमली होती, मागे सगळं गाव. तिथे वाजवायची सोय खुद्द काकाजींनीच करून दिली. "पुरं गाव येते. इथंबी एक नाई भेटला, तं मंग मले म्हनू नका का मोका नाई देल्ला." शिवाय सजवलेल्या बैलांची बक्षिसं आमच्या कार्यक्रमानंतर होती, त्यामुळे कोणाला पळूनही जाता येणार नव्हतं.

ऊन उतरलं होतं. रस्त्यावर एसटी थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. आम्ही सुरू केलं. मी सांगते, आम्ही इतकं चांगलं आयुष्यात वाजवलं नव्हतं. गिटारमधून एकदाही बाजारभाव आले नाहीत. गजानन घामाने निथळत होता, डोळे मिटून ठोका लांबवत लांबवत नेत होता, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की खरंच काहीतरी वितळतंय.

पहिल्या रांगेतली एक आजी उठून गजाननजवळ आली. "बाबू, थो पंप गळून राह्यला तुहा."

शेवटचा फुस्स झाला. शांतता. निवेदक माइकवर आले. "माइक टेस्टिंग संपलेलं आहे. मुख्य कार्यक्रम आता थोड्याच वेळात सुरू होईल."

कोणी हसलंसुद्धा नाही हो! हसले असते तर बरं झालं असतं. गजाननने पाठीवरचा पंप उतरवला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला, परत द्यायचा म्हणून. काकाजी पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी मान खाली घातली होती.

गजानन माझ्याकडे न बघता म्हणाला, "शुभाताई, एकडाव तुमीच लोकाइले पुसून पाहा ना. मले नाई पुसता येत."

मी माइक धरला. माइक किंचाळला, म्हणून मी किंचाळले. मग म्हटलं, "कोणाला... कोणाला पुन्हा ऐकायचं आहे का?"

एक हात वर आला. "मले!"

"तुमी बसा!" काकाजी ओरडले. "तुमी माहे मावसे होय!"

"नातेवाईक सोडून!" मी म्हटलं. त्याबरोबर मागे आणखी दोन हात वर येत होते, ते खाली गेले.

मी पुन्हा विचारलं. पोरांनी बैल हलवले, चाकं करकरली, बाकी काही नाही. निवेदक माइक घ्यायला हात पुढे करत होते. एसटीचा कंडक्टर घंटी वाजवत होता, प्रवासी खिडकीतून ओरडत होते, आणि ड्रायव्हर एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा होता. मी माइक सोडला नाही. मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "कोणीही! अगदी कोणीही! पुन्हा ऐकायचंय का कोणाला?"

आणि रस्त्यावरून आवाज आला, "वाजवा की परत एकदा! गाडी थांबवतो की मी! आमच्या सांगलीकडं असलं कायबी ऐकाय मिळत न्हाई!"